राधेचा ब्लाऊज

कोकणातल्या नमनाच्या खेळात राधा होणाऱ्या पुरुषाचा ब्लाऊज शिवायचा तर बाईचंच माप थोडं वाढवून भागत नाही. खांदा रुंद, मुंढा खोल, आणि नाचताना हात वर गेला की शिवण उसवू नये म्हणून काखेत जादा कापड. सावर्डे बाजारपेठेत शिवणकाम करता करता हे मी शिकले. शिमगा जवळ आला की मंडळांची पोरं येतात. होळीला एकमेकांवर जळते होल्टे फेकणारी हीच पोरं दुकानात बायका बसलेल्या असतानाही बिनधास्त म्हणतात, "काकी, छातीला जरा घट्ट घ्या, राधा दिसली पायजे." कुणी हसत नाही. देवापुढे नाचायचं असतं ना!

दुसरं गिऱ्हाईक दुकान बंद करायच्या वेळी येतं. कापड भारीतलं. "बहिणीचा आहे, तिचं माप माझ्याएवढंच." मी बरं म्हणते आणि टेप काढते. अशा पुरुषांना बायकोमुलं असतात, नोकरी असते. साडी नेसायला आवडते, तीही दार लावून. बाई व्हायचं त्यांच्या मनातही नसतं.

तिसरी भरदुपारी येते. घर सुटलेली, गुरूच्या आधाराने राहणारी. तिला फिटिंग नीट लागतं आणि एक चूक चालत नाही. ती बसली की बाकावरच्या बायका सरकून बसतात.

गंमत अशी, की एकमेकांना नावं ठेवण्यात यांतले दोघे मागे नाहीत. नमनवाला म्हणतो, "काकी, आम्ही कलाकार. आम्ही त्यातले नाय." तिसरी म्हणते, "हे हौशी. पदर घेतला, पदर सोडला. यांना टाळ्या, आम्हाला शिव्या." तिचा राग मला पटतो, सगळं गमावून बसलेल्या माणसाला हौशीचं कौतुक कुठून असणार? पण दार लावून साडी नेसणाऱ्यालाही ती त्याच 'हौशीं'त टाकते, ते पटत नाही. आणि "त्यातले नाय" तर मुळीच नाही. नारायण श्रीपाद राजहंसांचे बालगंधर्व झाले, घरंदाज बायका त्यांची साडी बघून साडी नेसायला शिकल्या, सरकारने 1964 मध्ये पद्मभूषण दिलं. रंगमंचावरच्या पदराचा एवढा मान राखणाऱ्यांना रस्त्यावरचा पदर मात्र खपत नाही.

15 एप्रिल 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की आपण कोण हे ज्याचं त्याने ठरवावं, त्यासाठी शस्त्रक्रियेची अट नको. तरी जळगावजवळच्या भादलीत तृतीयपंथी अंजली पाटील ग्रामपंचायतीला महिलांसाठी राखीव जागेवर उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांचा अर्ज बाद झाला. त्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, जानेवारी 2021 मध्ये तिथे जिंकल्या आणि मग गावातही निवडून आल्या. गावाने मत दिलं, ही बातमी मला कोर्टाच्या निकालाहून मोठी वाटली.

पण संध्याकाळच्या गिऱ्हाइकाला कुठलंच प्रमाणपत्र नको आहे. "माझाच आहे" एवढं त्याला म्हणता यावं. तो अर्धवट नाही, भित्रा तर नाहीच. दुसऱ्या तऱ्हेचा आहे. आणखीही तऱ्हा आहेत. मुलींनी शर्ट-पँट घातली तर आता कुणी वळूनही बघत नाही, ते चांगलंच. पण त्यातली एखादी आतून मुलगा असेल, तर तेही कुणाला दिसत नाही. "लग्न झालं की सुधारेल," म्हणून तिला गप्प केलं जातं. अशांना ना गुरू, ना मंडळ. माप वेगळं निघालं म्हणून मी कुणाला परत पाठवत नाही, आणि दुकानात तू नक्की कोण हेही विचारत नाही. तो प्रश्न गावाने विचारायचा आणि वर आपसातही एकमेकांना विचारायचा, हे जरा जास्तच होतं.

मंडळांना माझी एकच विनंती आहे. गवळणीत मावशी आली की टाळी वाजवून, कंबर हलवून 'तसल्यां'ची नक्कल करायची आणि हशा वसूल करायचा, हे या शिमग्याला सोडा. ज्यांची नक्कल होते ते कधी कधी समोरच बसलेले असतात, आणि तुमचे ब्लाऊज शिवणारीही असते. लिहिणाऱ्याला दुसरा विनोद सुचत नसेल, तर आपला मुंबई-गोवा हायवे आहेच. तो एकटा पहाटेपर्यंत पुरेल.