वाचा-उपचार ही चैन नव्हे: ज्येष्ठ नागरिक संघाचे मागणीपत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

पक्षाघातातून वाचलेले आमचे एक सभासद संध्याकाळची आरती पहिल्यापासून शेवटपर्यंत बिनचूक म्हणतात. तहान लागली की मात्र त्यांच्या तोंडून ‘पाणी’ऐवजी ‘दार’ येते. घरच्यांना वाटते, मुद्दाम करतात. शेजारी म्हणतात, भ्रमिष्ट झाले. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली की हवा तो शब्द सापडेनासा होतो, पण पाठ असलेली गाणी, स्तोत्रे, आकडे पुष्कळदा शाबूत राहतात. हा वाचाघात. माणसाची समज गेली असा त्याचा अर्थ लावणे हा त्या माणसावर अन्याय आहे.

वाचाघाताने आलेल्या कायमच्या अक्षमतेला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्थान आहे. पण दवाखान्यातून घरी सोडताना गोळ्या लिहून मिळतात, हातापायांचे व्यायाम सांगितले जातात, आणि वाचेचा विषय अनेकदा निघतच नाही. सुधारणा सर्वांत वेगाने होते ती पहिल्या काही महिन्यांत. नेमके तेच महिने ‘येईल हळूहळू बोलणे’ म्हणत निघून जातात.

म्हणून आमची पहिली मागणी: प्रत्येक जिल्हा रुग्णालयात स्पीच थेरपिस्टचे कायम पद असावे, ते भरलेले असावे आणि उपजिल्हा रुग्णालयात त्यांचा आठवड्याचा वार ठरलेला असावा. मुंबईच्या नायर रुग्णालयात वाचा-उपचाराचे शिक्षण १९६६ पासून दिले जाते, तेव्हा राज्याला हे नवे नाही. पक्षाघाताच्या रुग्णाला घरी सोडण्याआधी त्याचे बोलणे आणि गिळणे, दोन्ही तपासणे सक्तीचे करावे. घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होतो आणि जिवावर बेतते.

दुसरा प्रश्न पैशाचा. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान कार्डावर पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळते, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरचे. वाचा-उपचार महिनोन्‌महिने बाह्यरुग्ण विभागात चालतात, त्यांचा खर्च घरच्यांच्याच खिशातून जातो. तो राज्याने उचलावा.

तिसरी मागणी रोजच्या संवादाची: भाकरी, चहा, गोळी, चष्मा, संडास, ‘दुखते’ अशी रोजची चित्रे असलेले मोठ्या अक्षरांतले मराठी फलक आरोग्य केंद्रांतून मोफत द्यावेत. ते कसे वापरायचे हे आशाताईंनी घरच्यांना शिकवावे, त्यासाठी त्यांना प्रशिक्षण आणि वेगळे मानधन मिळावे. अशा रुग्णांनी बोट दाखवून वा मान हलवून दिलेला होकार-नकार शासकीय कार्यालयांनी ग्राह्य धरावा.

येत्या अर्थसंकल्पात यासाठी स्वतंत्र तरतूद करावी आणि चर्चेसाठी संघाच्या प्रतिनिधींना भेटीची वेळ द्यावी, ही विनंती.

आपले,
अध्यक्ष, कार्यवाह व सर्व सभासद