मासेमारीला शेतीचा दर्जा मिळाला, पण समुद्राच्या तळाची काळजी कोण घेणार?

मालवण : एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. मच्छीमारांना शेतकऱ्यासारखी वीज सवलत, कर्ज आणि विमा मिळावा, हा त्यामागचा हेतू. निर्णय चांगलाच आहे. पण मी स्वतः शेतकरी. शेती म्हटली की मला आधी जमीन आठवते. मासेमारी ही शेती, तर तिची जमीन म्हणजे समुद्राचा तळ. आणि त्या जमिनीचं काय चाललंय, यावर आपल्याकडे फारसं कोणी बोलत नाही.

आपल्या किनाऱ्यावर वाद पेटतो तो पर्ससीनचा, एलईडीचा आणि परराज्यातल्या हायस्पीड ट्रॉलरचा. पण बातम्यांत सगळी जाळी एकाच टोपलीत टाकली जातात. नुकसान समजून घ्यायचं तर आधी जाळ्यांतला फरक बघावा लागेल.

कुठलं जाळं काय करतं?

पर्ससीनचं जाळं तारली, बांगड्याच्या थव्याला गोल घेरतं आणि खालून आवळतं. खोल पाण्यात ते तळाला लागत नाही, उथळ पाण्यात मात्र खालची शिशाची दोरी टेकते. तिथे मुख्य तक्रार आहे ती थवाच्या थवा एका वेळी उचलला जातो याची. गिलनेट पाण्यात पडद्यासारखं उभं राहतं. रापण किनाऱ्यावरून माणसं हाताने ओढतात.

ट्रॉलचं तसं नाही. ते तळावरून फरफटत जातं. जाळ्याचं तोंड उघडं राहावं म्हणून दोन बाजूंना लाकडी किंवा लोखंडी जड फळ्या असतात. त्या गाळात चर पाडत जातात. खालच्या दोरीला वजनं किंवा साखळी असते, ती तळातली कोळंबी उठवते आणि मागची पिशवी सगळं गिळते. कोळंबीबरोबर खेकडे, शिंपले, तारामासे, बारीक पिल्लंही येतात. त्यातली बरीचशी मासळी जेवणाच्या ताटात येत नाही, फिशमीलच्या कारखान्यात जाते.

एका ओढीत ७५ एकर

साधा हिशेब करून बघा. जाळ्याचं तोंड २० मीटर रुंद, बोटीचा वेग ताशी ५ किलोमीटर आणि ओढ ३ तासांची धरली, तर १५ किलोमीटर लांब पट्टा खरवडला जातो. म्हणजे ३० हेक्टर, जवळपास ७५ एकर. आपल्याकडे एका कुटुंबाची एवढी जमीन कुठे असते? आणि ही झाली एका बोटीची एक ओढ. दिवसात अशा अनेक ओढी होतात.

कोणी म्हणेल, नांगरणी तर तुम्ही शेतकरीपण करता. करतो. पण नांगरल्यावर आम्ही पेरतो, शेणखत घालतो, पीक उभं असताना शेतात नांगर घालत नाही. ट्रॉल उभ्या पिकातच फिरतो.

२०१७ साली जगभरातल्या अभ्यासांची एकत्र आकडेवारी प्रसिद्ध झाली. त्यानुसार आपल्याकडे वापरतात तसल्या फळ्यांच्या ट्रॉलची एक फेरी तळात सरासरी २.४ सेंटीमीटर आत जाते आणि तिथले सुमारे ६ टक्के जीव नाहीसे करते. शिंपले काढायचे यांत्रिक पंजे तर याहून घातक, काही १६ सेंटीमीटरपर्यंत खोल जातात.

६ टक्के ऐकायला कमी वाटतं. पण तळ पूर्ववत व्हायला साधारण २ ते ६ वर्षं लागतात, असंही त्याच अभ्यासात आहे. त्याआधीच दुसरी फेरी आली, मग तिसरी, तर जमिनीला उसंत कधी मिळणार? लाटांनी रोज हलणारी उथळ वाळू लवकर सावरते. प्रवाळ मात्र एकदा मोडलं की माणसाच्या आयुष्यात परत तसं होईलच असं नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं ते अशा जिवांसाठीच.

जुनीच तक्रार

ही तक्रार आजची नाही. १३७६ साली इंग्लंडच्या मच्छीमारांनी राजाकडे अर्ज केला होता की, तळावरून ओढायचं नवीन जाळं माशांचं खाद्य आणि पिल्लं संपवतंय. साडेसहाशे वर्षं झाली, मुद्दा तोच आहे. हाँगकाँगने २०१२ च्या शेवटच्या दिवसापासून आपल्या पाण्यात ट्रॉल बंद केला. श्रीलंकेने २०१७ मध्ये कायद्याने बंदी घातली.

आपल्याकडे पूर्ण बंदी सोपी नाही, हेही मान्य केलं पाहिजे. ट्रॉलरवर खलाशी आहेत, मालकांच्या डोक्यावर कर्ज आहे, डिझेल परवडत नाही. १९५० नंतर भारतात ट्रॉलर आले ते सरकारी योजनांमधून, कोळंबीच्या निर्यातीसाठी. ज्यांना तेव्हा प्रोत्साहन दिलं, त्यांना आज एका फटक्यात गुन्हेगार ठरवून चालणार नाही.

मग मागायचं काय?

१ जून ते ३१ जुलै बंदी असते. ती प्रजननासाठी गरजेची आहे. पण ज्या तळाला सावरायला वर्षं लागतात त्याला ६१ दिवस पुरत नाहीत. म्हणून काही पट्टे कायमचे ट्रॉलमुक्त ठेवावे लागतील, विशेषतः खडक, प्रवाळ आणि खाडीच्या तोंडाजवळचे. किनाऱ्यालगत ट्रॉलला मनाई करणारे नियम १९८१ च्या कायद्याखाली आहेतच, गरज आहे ती पाळण्याची. जानेवारी २०२५ पासून राज्यात ड्रोनने नजर ठेवली जाते. पण ड्रोनला बोट दिसते, तळातला चर दिसत नाही. त्यासाठी तळाची तपासणी लागेल, आणि ती दरवर्षी लागेल.

शेतीचा दर्जा दिलाय ना, मग आम्हाला जशी माती परीक्षणाची पत्रिका मिळते तशी समुद्राच्या तळाचीही निघू दे, आणि ती किनाऱ्यावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागू दे. पुढच्या ग्रामसभेत हा एक ठराव मांडायला पैसे लागत नाहीत. जमीन खराब झाली की कर्जमाफी मागून पीक येत नाही, हे आपण शेतकऱ्यांनी भोगलंय. मच्छीमारांवर ती वेळ यायच्या आत बोललेलं बरं.