वंगण, खोबरेल तेल आणि मेडिकलचं काउंटर

मेकॅनिकल करून आयटीत घुसलेल्या हजारोंपैकी मी एक. कॉलेजात वंगण या विषयावर आम्हाला बरंच काही होतं. कुठल्या बेअरिंगला कुठलं ग्रीस, कुठे तेल चालतं, आणि चुकीचं तेल घातलं की रबरी सील कसं फुगून निकामी होतं, हे सगळं रट्टा मारून आम्ही पास झालो. मशीनच्या वंगणाचं एवढं ज्ञान घेतलेल्या आमच्या बॅचला स्वतःच्या शरीराचं वंगण मात्र कुणी शिकवलं नाही. आज त्यावरच लिहितोय. ऑफिसात वाचत असाल तर खुशाल वाचा, लाजण्यासारखं यात काही नाही. निदान माझं मत तरी तसंच आहे.

मागच्या महिन्यात नांदेडला घरी गेलो होतो. लातूरहून कॉलेजचा मित्र भेटायला आला. लग्नाला जेमतेम आठ महिने झालेत. दोन चहा झाले, क्रिकेट झालं, तरी गडी अस्वस्थच. शेवटी वजिराबादेतून परत येताना म्हणाला, "काय सांगू राव, खाली सारखी जळजळ व्हायलीय. चार महिने झाले."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सुरुवातीला नुसतं घर्षणाने कातडी सोलवटायची. गाडीवरून तासभर प्रवास, मे महिन्याचं बेचाळीस डिग्री ऊन, घाम, घट्ट जीन्स, हे होतंच. त्यावर घरगुती उपाय म्हणून खोबरेल तेल. आणि तेलाबरोबर कंडोम. एके रात्री तो फाटला. दुसऱ्या दिवशी धावपळ करून गोळी आणली, आणि पुढचे पंधरा दिवस नवरा-बायको दोघंही कॅलेंडरकडे बघत बसले. घरात सासू-सासरे, बोलणार कुणाशी?

आता यात आश्चर्य काय आहे? कंडोम लेटेक्सचा असतो, म्हणजे रबरच. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लेटेक्सचे कंडोम खनिज तेलात फक्त साठ सेकंद ठेवले, तर त्यांची ताकद सुमारे ९० टक्के कमी झाली. साठ सेकंद! खोबरेल, तूप, व्हॅसलीन, बॉडी लोशन, बेबी ऑइल, सगळी एकाच माळेची. आपलं ते फुगलेलं सील आठवा. परीक्षेत उत्तर बरोबर लिहिलं होतं आम्ही दोघांनी.

बरं, गोष्ट इथे थांबली नाही. कातडी लाल झाली, खाज सुटली म्हणून हा एका मेडिकलवर गेला. काउंटरवर चार बायका उभ्या, म्हणून हळूच म्हणाला, "खाजेचं द्या." मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली. दोन दिवसांत जादू! म्हणून महिनाभर लावली. थांबवली की खाज दुप्पट. पुन्हा लावली. त्या ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर कडक स्टेरॉइड होतं. स्टेरॉइडने लाली दबते, पण बुरशी आत आरामात पसरते आणि कातडी कागदासारखी पातळ होते.

इथे एक आकडा सांगतो. १९६७ च्या एका अभ्यासात हायड्रोकॉर्टिसोन शरीराच्या कुठल्या भागात किती शोषलं जातं ते मोजलं होतं. हाताच्या पुढच्या भागाला १ धरलं, तर अंडकोशाच्या कातडीला ४२! म्हणजे हातावर चालणारी ट्यूब तिथे चालेलच असं नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा बदल नियमात केला. नियम आहे, पण काउंटरवर चिठ्ठी मागतं कोण, आणि आपण तरी दाखवतो कुठे?

मी त्याला त्वचारोगतज्ज्ञाकडे जायला लावलं. डॉक्टरांनी आधी सगळं बंद करायला सांगितलं, बायकोलाही तपासायला बोलावलं, आणि रक्तातली साखर तपासली. वारंवार असा संसर्ग होणं ही कधीकधी मधुमेहाची पहिली खूण असते. याची साखर नॉर्मल निघाली, सुटला.

तर सांगायचा मुद्दा असा, की ल्युब्रिकंट निवडणं म्हणजे एक साधं कंपॅटिबिलिटी चेक आहे. कंडोम वापरत असाल तर पाण्याचा बेस असलेलं किंवा सिलिकॉनचं घ्या, दोन्ही लेटेक्सला चालतात. पाण्याचं धुवायला सोपं पण लवकर सुकतं, सिलिकॉन जास्त टिकतं. सुगंध, चव, "गरम" किंवा "थंड" करणारं काही नको. नाजूक कातडीला नेमकं तेच झोंबतं. बधिर करणारं औषध असलेलं तर नकोच, कारण दुखणं हा अलार्म आहे आणि तो बंद करून कुणी प्रोडक्शन सर्व्हर चालवत नाही. नोनॉक्सिनॉल-९ असं लेबलवर दिसलं तर परत ठेवा, वारंवार वापरल्याने आतली नाजूक त्वचा सोलवटते.

आणखी एक स्पेसिफिकेशन आहे, ऑस्मोलॅलिटी. आपल्या रक्ताची साधारण २९० असते. ल्युब्रिकंटची फार जास्त असेल तर ते पेशींतलं पाणी ओढून घेतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये सांगितलंय की ती ३८० च्या आत असावी, आणि अगदीच नाही तर १२०० च्या वर तरी नको. बऱ्याच ट्यूबवर हा आकडा छापलेलाच नसतो. मग सोपा नियम: घटकांच्या यादीत ग्लिसरिन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल अगदी वर असेल तर दुसरं बघा. नवीन ट्यूब आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहा. आणि अँटिसेप्टिकने तिथे धुवू नका, साधं पाणी पुरे.

मला खरा राग ट्यूबचा नाही, त्या चार महिन्यांचा येतो. शिकलेला, कमावता माणूस काउंटरवर एक शब्द उच्चारू शकत नाही म्हणून त्याने बायकोसकट मनस्ताप भोगला. याच महाराष्ट्रात र. धों. कर्वे नावाचा गणिताचा प्राध्यापक १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' काढत होता आणि वाचकांच्या असल्याच प्रश्नांना उत्तरं देत होता. त्यापायी १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला झाला, डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी दंड भरावाच लागला. आपल्याला ना खटला आहे ना दंड. फक्त काउंटरवर चार लोक उभे असतात.

परवा मित्राचा फोन आला. जळजळ थांबलीये. म्हणाला, "परवा मेडिकलवर मोठ्याने मागितलं राव. मागं एक काका उभे होते. त्यांनी हळूच विचारलं, कोणतं घेतलंस रे?"