खोट्या शहराची खरी किंमत

हवाई हल्ल्यापासून शहर वाचवायचं असेल तर काय कराल? दिवे घालवाल. १९७१च्या युद्धात मुंबईत घरोघरी खिडक्यांना काळे कागद लागले होते, हे आजी-आजोबांकडून ऐकलं असेलच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटननं ब्लॅकआऊट तर केलाच, पण त्यापुढचा एक अजब उद्योगही केला. शत्रूला चकवण्यासाठी शहराबाहेरच्या माळरानावर खोटी शहरं मांडली! त्यातलं आज जे थोडंफार उरलंय, ते जपायलाच हवं असं मला ठाम वाटतं. आणि त्याचं कारण 'काय भारी जुगाड होता' एवढंच नाही.

या कामाचे प्रमुख होते कर्नल जॉन टर्नर. त्यांच्या मदतीला होते चक्क फिल्म स्टुडिओतले सेट बनवणारे कारागीर. सुरुवातीला लाकडी विमानं आणि धावपट्टीचे खोटे दिवे झाले. मग १४ नोव्हेंबर १९४०च्या रात्री जर्मन बॉम्बफेकीत कॉव्हेंट्री शहर होरपळलं, ५००हून अधिक माणसं गेली. त्यानंतर मोठ्या शहरांसाठी 'स्टारफिश' आले. माळावर लाकडं आणि तेलाच्या टाक्या रचून ठेवायच्या. पहिल्या विमानांनी शहरात आगी लावल्या की त्या झटपट विझवायच्या आणि इकडे बंकरमधून बटण दाबून माळ पेटवायचा. मागून येणाऱ्या वैमानिकाला वाटणार, शहर हेच. पडले बॉम्ब माळावर!

आज यातलं काय दिसतं? खरं सांगायचं तर फारसं काहीच नाही. जळायलाच बांधलेलं उरणार तरी काय? उरल्या त्या माणसं बसायची त्या विटा-काँक्रीटच्या बुटक्या खोल्या. सॉमरसेटमधल्या ब्लॅक डाऊन या टेकडीवर ब्रिस्टलसाठीचा असा चकवा होता. तिथलं बांधकाम आणि शत्रूची विमानं उतरू नयेत म्हणून रचलेल्या ढिगांच्या लांबच लांब रांगा आजही आहेत, आणि त्यांना सरकारी संरक्षणही आहे. पण सगळ्याच जागांचं नशीब असं नसतं.

आता माझा मुद्दा. चकवा यशस्वी झाला म्हणजे बॉम्ब गायब झाले नाहीत, ते दुसरीकडे पडले. एप्रिल १९४१मध्ये एका रात्री पोर्ट्समथसाठी आणलेले पुष्कळ बॉम्ब असेच शेजारच्या हेलिंग बेटाच्या परिसरात पडले. शहरातल्या कितीतरी लोकांचा जीव वाचला. पण त्याच रात्री बेटावरच्या सायना कॉमन तोफतळावरचे सहा सैनिक गेले. शहर वाचवायला बॉम्ब कुणाच्या अंगणाजवळ ओढायचे, हे कुणीतरी नकाशावर बोट ठेवून ठरवलं होतं. ते चूक होतं असं मी म्हणत नाही. हजारो जीव पणाला लागलेले असताना दुसरा काय मार्ग होता? पण तो हिशेब होता, आणि त्यातली वजाबाकीसुद्धा लोकांना दिसली पाहिजे.

कुणी म्हणेल, शेतातल्या एका पडक्या खोलीसाठी एवढा खर्च कशाला? मी म्युझियम मागतच नाहीये. नोंद करा, पाडू नका, आणि एक फलक लावा. फक्त त्या फलकावर 'इथे शत्रूला कसं फसवलं' एवढंच नको. इथे बंकरमध्ये कोण बसायचं, आजूबाजूला कुठली गावं होती, त्या रात्री कुणाचं काय गेलं, हेही हवं.

वाचलेल्या शहरांमध्ये स्मारकं असतात, पुतळे असतात. ज्या माळांनी त्यांच्या वाटचे बॉम्ब झेलले, त्यांच्या वाट्याला निदान एक पाटी तरी यावी ना?