इम्फाळ शांतता संग्रहालयास: मुतागुचींचे निर्णय भिंतीवर ठळक लावा

प्रति,
व्यवस्थापक मंडळ, इम्फाळ शांतता संग्रहालय,
माइबम लोकपाचिंग, मणिपूर



तुमचे संग्रहालय ज्या टेकडीच्या पायथ्याशी आहे, तिथे मे १९४४ मध्ये इम्फाळच्या तोंडाशी येऊन जपानी सैनिक अडले आणि मेले. त्यांचे स्मरण व्हायलाच हवे. पण त्यांना तिथे धाडणाऱ्या लेफ्टनंट जनरल रेन्या मुतागुचींचे निर्णयही तारीखवार, ठळक लावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

१९३७ साली मार्को पोलो पुलापाशी गोळीबार झाला, तेव्हा तिथली जपानी रेजिमेंट मुतागुचींच्या हाताखाली होती. पुढे सिंगापूर घेताना त्यांची डिव्हिजन आघाडीवर होती. मार्च १९४४ मध्ये त्यांनी तीन डिव्हिजन चिंदविनपार पाठवल्या, त्या जेमतेम तीन आठवड्यांच्या शिध्यावर. पुढचे अन्न ब्रिटिशांच्या कोठारांतून मिळेल, असा हिशेब! बरोबर गुरांचे कळप हाकले. आधी ओझे वाहतील, मग कापून खाता येतील. कित्येक गुरे नदीत बुडाली, कित्येक पाठीवरच्या ओझ्यासकट दरीत कोसळली.

हिशेब चुकवण्यात आपल्या माणसांचाही हात होता. सांगशाकच्या उघड्या टेकडीवर, पाण्याचे हाल सोसत, ५० व्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर मराठा पलटणीची चौथी बटालियन २६ मार्चपर्यंत झुंजली. जपानी तिथे अडकल्याने कोहिमाच्या बचावाला मोलाचे दिवस मिळाले.

कोहिमापुढे मुतागुचींच्या तीनपैकी एका डिव्हिजनचे सेनापती जनरल कोतोकू सातो पुरवठा मागत राहिले. काहीच येईना, तेव्हा हुकूम मोडून त्यांनी आपली उपाशी डिव्हिजन मागे घेतली. त्यांना कोर्टमार्शल हवे होते, भर कोर्टात सगळे सांगायचे होते. ते होऊ नये म्हणून त्यांना मनोरुग्ण ठरवले गेले. मुतागुचींनी तर तिन्ही डिव्हिजनचे सेनापती बदलले. मोहीम जुलैपर्यंत रेटली. सुमारे तीस हजार जपानी सैनिक मेले, त्यांतले बहुतेक भुकेने आणि रोगाने. परतीच्या वाटेला जपानी लोक हाडांचा रस्ता म्हणतात.

मुतागुची १९६६ पर्यंत जगले. त्यांच्या अंत्यविधीला आलेल्यांना त्यांच्याच इच्छेनुसार त्यांची बाजू मांडणारी पत्रके वाटली गेली. त्यांची बाजू अशी मांडली गेली, सातोंना मात्र न्यायासनासमोर बोलूच दिले नाही. म्हणून दोघांची हकीकत शेजारी-शेजारी लावा, मैतेई, तांगखुल आणि जपानी भाषांत. आप्तांच्या अस्थी शोधत येणाऱ्या जपानी कुटुंबांनाही ती वाचता यावी.

आपला,
एक मराठी वाचक