टॅब घेताना आधी धडा चालवून बघा



शाळेसाठी टॅब घ्यायचा म्हटलं की आपण काय विचारतो? रॅम किती, स्क्रीन किती इंची, वॉरंटी किती वर्षांची. पण मुलांना जो धडा दाखवायचा आहे त्याची फाइल या टॅबवर चालेल का, आणि पाच वर्षांनी चालेल का, हे फार कमी जण विचारतात. माझ्या मते पहिला प्रश्न हाच हवा.

शाळेच्या कपाटात ई-लर्निंगची जुनी सीडी असेल तर उघडून बघा. काही फाइलींच्या नावापुढे ‘एसडब्ल्यूएफ’ असं दिसेल. ही फ्लॅशची फाइल. फ्लॅश 1996 च्या सुमारास आलं, 2005 मध्ये ते अ‍ॅडोबी कंपनीकडे गेलं. फाइल छोटी, चित्र हलतं, आवाज येतो, मूल क्लिक करून उत्तर देऊ शकतं. शिकवायला खरंच छान साधन होतं ते, त्याला नावं ठेवायची नाहीत मला.

पण 2010 मध्ये आयपॅड आला तो फ्लॅशशिवाय. स्टीव्ह जॉब्स यांनी त्याच एप्रिलमध्ये जाहीर पत्र लिहून कारणं दिली : बॅटरी लवकर संपते, सुरक्षितता कमी, फ्लॅश एकाच कंपनीच्या मुठीत आहे, आणि ते माउससाठी बनलंय, बोटासाठी नाही. हे शेवटचं कारण आपल्याला वर्गात लगेच पटतं. जुन्या धड्यात माउसचा बाण चित्रावर नुसता नेला की नाव ऐकू यायचं. बोट असं ‘नुसतं नेता’ येत नाही, ते एक तर टेकतं किंवा टेकत नाही. (मुठीबद्दल बोलणाऱ्या जॉब्स यांचं स्वतःचं अ‍ॅपचं दुकानही काही सर्वांना मोकळं नव्हतं, हेही सांगायला हवं.)

अँड्रॉइडवर फ्लॅश काही दिवस चाललं. आपल्या सरकारचा स्वस्त ‘आकाश’ टॅब ऑक्टोबर 2011 मध्ये आला आणि पुढच्याच महिन्यात अ‍ॅडोबीने मोबाइलवरच्या ब्राउझरसाठी फ्लॅश पुढे बनवणार नाही असं जाहीर केलं. 31 डिसेंबर 2020 ला संगणकावरचाही आधार संपला आणि 12 जानेवारी 2021 पासून ब्राउझरमधलं फ्लॅश अ‍ॅडोबीनेच अडवलं.

आता आपल्याकडचा हिशोब लावा. ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय 22 जून 2015 चा. त्यानंतर गावोगाव लोकवर्गणीतून डिजिटल शाळा उभ्या राहिल्या. म्हणजे टॅबवरचं फ्लॅश संपून साडेतीन वर्षं झाल्यावर! तरी आमच्या गावाने वर्गणीतून घेतलेल्या संचात निम्मे धडे फ्लॅशचेच निघाले. पुरवठादार म्हणाला, अपडेट पाठवतो. नंतर त्याचा फोन लागला नाही. आपल्या धाराशिव जिल्ह्यात पाऊस कधी दगा देईल सांगता येत नाही. अशा ठिकाणी सोयाबीनच्या पट्टीतून माणूस शाळेला पाचशे रुपये देतो, तेव्हा त्याला उत्तर द्यायला पुरवठादार येत नाही, आपणच असतो.

मग उपाय काय? एचटीएमएल 5. हे मानक ऑक्टोबर 2014 मध्ये अधिकृत झालं. यात व्हिडिओ, आवाज ब्राउझर स्वतःच चालवतो, वेगळा प्लेअर लागत नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचे ‘फेट’ प्रयोग आधी जावा आणि फ्लॅशमध्ये होते. त्यांनी एकेक करून त्यातले बरेच नव्याने लिहिले. ते फुकट आहेत, मराठीतही मिळतात, डाउनलोड करून नेटशिवाय चालतात. जुन्या फ्लॅश फाइली हाताशी असतील तर ‘रफल’ हे मोफत साधन वापरून बघा. सगळ्या नाही, पण बऱ्याच साध्या फाइली जिवंत होतात.

धोका मात्र फ्लॅशबरोबर गेलेला नाही. आज तो वर्गणीच्या अ‍ॅपमध्ये आहे. लॉगिन केल्याशिवाय उघडत नाही, मुदत संपली की धडा गायब. क्यूआर कोडचंही तेच. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला, त्यात पुस्तकातल्या क्यूआर कोडच्या कामाचा मोठा वाटा होता. पण कोड म्हणजे नुसता पत्ता. त्या पत्त्यावरचं घरच पडलं तर स्कॅन करून काय उपयोग? म्हणून दीक्षावरचा जो घटक लागतो तो आधीच डाउनलोड करून ठेवा. स्वतः बनवलेला व्हिडिओ यूट्यूबवर टाकलात तरी एमपी 4 ची प्रत शाळेच्या हार्ड डिस्कवर असू द्या. आपल्या बोलीतला, आपल्या मुलांसाठी केलेला धडा दुसरं कोणी पुन्हा बनवून देणार नाही.

आणि खरेदीला जाल तेव्हा दुकानातच टॅब एअरप्लेन मोडवर टाका. तिसरीतलं एखादं पोर सोबत न्या, त्याला बोटाने धडा चालवू द्या. पैसे देण्याआधी सगळ्या फाइली पेन ड्राइव्हवर मागा. ‘कंपनी देत नाही’ असं म्हणाले तर तो संच तिथंच ठेवून या.