इशारा: चावा लपवाल तर जीव गमवाल

टोकावडे परिसर आणि मुरबाड, शहापूर तालुक्यांतल्या सर्व गाव-पाड्यांना हा जाहीर इशारा. कुत्रा चावल्यावर जखमेत चुना-मिरची भरून भगताकडे धावण्याचा प्रकार आजपासून बंद झाला पाहिजे. रेबीजची लक्षणे बहुधा एक ते तीन महिन्यांनी दिसतात. तोवर जखम सुकते, ‘उतार पडला’ असे वाटते आणि भगताचे नाव होते. पुढे पाण्याचा घोट घशाखाली उतरेनासा झाला, की मुंबईचे मोठे इस्पितळही हात टेकते.

चावा असो की ओरखडा, जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा. नळ नसेल तर कळशीने पाणी ओता. पट्टी बांधू नका. त्याच दिवशी टोकावड्याचे ग्रामीण रुग्णालय गाठा. पोटातल्या चौदा सुया केव्हाच गेल्या. आता लस दंडात देतात. पुढचे डोस डॉक्टर सांगतील त्या तारखांनाच घ्या. रक्त आले असेल तर जखमेत सीरमही टोचावे लागते, ते विचारून घ्या. लावणी खोळंबली तरी चालेल, डोस चुकता कामा नये.

शेतकऱ्यांनो, गोठ्यातही बघा. रेबीज झालेली गाय लाळ गाळते, घोगरी हंबरते, चारा गिळत नाही. घशात काही अडकले समजून आपण कोपरापर्यंत हात घालतो. विषाणू त्या लाळेतच असतो. हात घालू नका. जनावर वेगळे बांधा, गुरांच्या डॉक्टरांना बोलवा, दूध वापरू नका. मेले तर खोल पुरा, ओढ्यात लोटू नका.

कुत्रे पाळणाऱ्यांना कुत्र्याला लस टोचून घ्यायची शेवटची मुदत २८ सप्टेंबर, लुई पाश्चर यांचा स्मृतिदिन आणि जागतिक रेबीज दिन. शेतावर राखणीला सोडलेला कुत्राही तुमचाच. त्यालाही लस टोचा. नाहीतर २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तुमचे नाव वाचले जाईल. २०२३ च्या नियमांप्रमाणे मोकाट कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण हे स्थानिक संस्थेचे काम आहे. ते किती झाले, याचा हिशेब पंचायतीने त्याच सभेत द्यावा. कुत्र्यांना विष घालणे गुन्हा आहे, हेही ध्यानात ठेवा.

भगतांनो, अंगारा लावायचा तर लस टोचून झाल्यावर लावा. ज्याच्या दारात चावलेला माणूस अडकून पडेल, त्याच्याविरुद्ध टोकावडे पोलीस ठाण्यात तक्रार जाईल.